सरड्याची धाव जनुकांपर्यंत

एक सोपा प्रश्न. पाल, सरडा आणि सापसुरळी, यांपैकी सापाचं जवळचं नातं कोणाशी? सापसुरळी म्हणालात ना? नावातच साप आहे, दिसतेही तशीच. पण जनुकं म्हणतात, सरड्याशी!

हाडं, कवटी, जीभ बघून जी वंशावळ मांडली गेली होती, तिच्यात सरड्यांची फांदी सगळ्यात आधी वेगळी होत होती. २००५ मध्ये व्हिडाल आणि हेजेस यांनी नऊ जनुकं तपासली आणि झाडच उलटं झालं. पाली आधीच फुटून निघालेल्या, सापसुरळ्याही वेगळ्या, आणि सरडे, घोरपडी, साप एकाच फांदीवर. २०१२ मध्ये गॉथियर आणि सहकाऱ्यांनी ६१० शारीरिक लक्षणं मांडून पुन्हा जुनंच झाड काढलं. मग २०१७ मध्ये स्ट्रायकर आणि वीन्स यांनी ४००० हून जास्त जनुकीय तुकडे तपासले. निकाल पुन्हा सरडे-घोरपडी-सापांच्या एका फांदीच्या बाजूनेच.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे पटायला जड जाऊ नये. दोन प्रोग्रॅमची स्क्रीन सारखी दिसली म्हणून कोड एकाचाच असं आपण म्हणत नाही, कारण गरज सारखी असली की उत्तरंही सारखी निघतात. बिळात, गवतात सरपटायचं तर लांब अंग आणि आखूड पाय सोयीचे, मग नातं असो वा नसो. खरं काय ते व्हर्जन कंट्रोलमध्ये बघायचं!

पण म्हणून "डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य" हेही मला पटत नाही. एक जनुक म्हणजे एक लॉग फाईल. जाती भराभर वेगळ्या झाल्या असतील तर एकेका जनुकाचा इतिहास जातीच्या इतिहासापेक्षा निराळा निघू शकतो. म्हणून तर हजारो तुकडे लागतात. आणि हिशोबाची पद्धतच चुकीची असेल तर डेटा वाढवून चूक फक्त जास्त ठाम होते. हा अनुभव ऑफिसात सगळ्यांनाच असेल :)

आता कोणी म्हणेल, सरड्यांची नाती कळून कोणाचं काय भलं होणार? तर जरा साताऱ्याकडे या. गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे छोटे सरडे आपल्या पठारांवर दिसतात. क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये पुदुच्चेरीच्या सरड्याला दिलेलं नाव कित्येक वर्षं यांनाही सर्रास लावलं जायचं. २०१६ मध्ये दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी मोजकी जनुकं आणि शरीराची मोजमापं एकत्र ठेवून पाच नव्या जाती आणि एक नवी प्रजाती मांडली. प्रजातीचं नाव काय? 'सरडा'! चक्क आपला मराठी शब्द. त्यातली 'सरडा सुपर्बा' ही चाळकेवाडीच्या पठारावरची.

आणि चाळकेवाडी म्हणजे पवनचक्क्या. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी दाखवलं, की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, त्यामुळे हे सरडे संख्येने जास्त, पण अंगाने खराब.

"भारतभर आढळणारा सरडा" म्हटलं की एका पठाराची काळजी कोण करणार? पण तो वेगळा आहे हे कळलं की तेच पठार त्याचं घर होतं. वर्गीकरण हा नुसता किस पाडण्याचा उद्योग नाही तो एवढ्यासाठीच. कशाला वाचवायचं ही यादी तिथे तयार होते.

म्हणून माझं मत असं, की सीक्वेन्सिंगला पैसे द्याच, पण उन्हात पठारं तुडवणाऱ्यांना आणि संग्रहालयात बाटल्या सांभाळणाऱ्यांनाही द्या. नमुनाच नसेल तर जनुकं काढणार कशातून?

तुम्हाला काय वाटतं?