बुरशीच्या खांद्यावर कारखान्याचे ओझे

मोज्यांना घामाची दुर्गंधी येऊ नये म्हणून कापडात चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळले जातात. हे नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. धुण्याच्या पाण्याबरोबर ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या गाळात जातात आणि गाळ खत म्हणून पसरला की शेतात उतरतात. शुद्धीकरणात बरीचशी चांदी सल्फाइडच्या रूपात बांधली जाऊन तिची विषारी शक्ती घटते, हे खरे. पण ती नाहीशी होत नाही. नफा कापड विकणाऱ्याचा आणि जोखीम मात्र शेतकऱ्याच्या मातीची, असा हा व्यवहार आहे.

यावर मातीतील बुरशीचा उपाय आता सुचविला जातो. तो थोतांड खचित नव्हे. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन धातूला धरून ठेवते. मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा पिकात शिरणारा धातू काही अंशी अडवू शकते. परंतु बुरशी उलट कामही करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००३ साली फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या मातीतल्याच बुरशीच्या साहाय्याने चांदीच्या क्षारापासून नॅनोकण तयार झाल्याचे दाखविले होते.

मुळात तेलाचे विघटन होते, धातूचे होत नाही. चांदी हे मूलद्रव्य आहे. बुरशी तिचे रूप पालटील, तिला जखडून ठेवील. नष्ट करू शकणार नाही. बुरशी मेली, कुजली की बांधलेला धातू पुन्हा मोकळा होऊ शकतो. टाकीतील पाण्यातून धातूसकट बुरशी उचलून घेता येते. एकरभर मातीत पसरलेले तिचे तंतू कोण वेचणार? म्हणून बुरशीची खरी जागा कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी आहे, शेतकऱ्याच्या बांधावर नव्हे.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले. त्याचा अर्थ येथे स्पष्ट आहे. कोणत्या मालात कोणते नॅनोकण आहेत हे उत्पादकाने जाहीर करावे. शेतात जाणाऱ्या गाळाची तपासणी व्हावी. तिचा आणि बुरशीवरील संशोधनाचाही खर्च उत्पादकाकडून वसूल व्हावा. त्या संशोधनाचे फळ मात्र सर्वांचे असावे.

कार्यकर्त्यांनी विज्ञानाचे स्वागतच करावे. पण उद्या कोणी ‘बुरशी आहे, काळजी नको’ असे सांगत आला, तर त्याला एवढेच विचारावे: मग ही घाण तुमच्याच आवारात का अडवत नाही?