कृपेखाली कोण राहतो?



मी सूतगिरणीत बदली कामगार. रिंग खातं, तिसरी पाळी. रात्री तीनला ज्याच्याबरोबर डबा खातो तो माझा दोस्त ख्रिस्ती. त्याचा आजा आपल्याच वस्तीतून मिशनकडं गेलेला. त्यानं मला पौलाची पत्रं वाचायला दिली. म्हणाला, तुम्ही अजून शास्त्राशीच भांडताय. आमच्यावर नियमशास्त्राचं राज्यच उरलं नाही, आता कृपेचं आहे. देव फुकट देतो, कमवावं लागत नाही.

मी म्हटलं, दोस्ता, कृपेखाली तर मी रोजच राहतो. बदलीवाल्याला कुठला कायदा? गेटवर उभं राहायचं. मुकादमानं बोट केलं तर आत, नाही केलं तर घरी. पर्मनंटचे दिवस भरत आले की ब्रेक. कृपा ज्याच्या हातात असते त्याच्यापुढं मान वर होत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवलं. आणि बुद्ध तर स्वतःला मोक्ष देणारा म्हणवतच नाही, वाट दाखवतो नि बाजूला होतो.

पण एवढ्यावर पुस्तक मिटलं असतं तर मी अडाणीच राहिलो असतो. गलतीकरांच्या पत्रात एक प्रसंग आहे. गाव अंत्युखिया. पेत्र, म्हणजे येशूचा थोरला शिष्य, सुंता न झालेल्या परक्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाची माणसं आली आणि हा गडी घाबरून पंगतीतून उठला. त्याच्या मागं बाकीचेही उठले, बर्णबासुद्धा. पौलानं सगळ्यांदेखत त्याला तोंडावर झापलं. वीस शतकांपूर्वीची गोष्ट! कृपा आणि नियमशास्त्राचा सगळा वाद शेवटी कोण कुणाबरोबर जेवतो इथं आला. पंगत म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या जागी पौल मला आपला वाटला.

(इथं एक सांगून ठेवतो. काही प्रचारक मोशेचं नियमशास्त्र आणि मनुस्मृती एकाच पोत्यात भरतात. लबाडी आहे. मोशेचं शास्त्र दासालाही आठवड्याची सुट्टी देतं. मनू शूद्राला धनही साठवू देत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली ती मनुस्मृती, नाताळच्याच दिवशी.)

मग हीच कृपा बाहेर का दिसत नाही? याच पौलानं पळून आलेल्या अनेसिम या दासाला मालकाकडं परत धाडलं, सोबत ‘याला भाऊ समज’ अशी चिठ्ठी. १५२० साली ल्यूथरनं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं. १५२५ ला जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमं मांडली : ख्रिस्तानं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलं, तर आम्ही सरदारांचे वेठबिगार कसे? ल्यूथर म्हणाला, हे स्वातंत्र्य देहाचं नव्हे. आणि बंड पेटल्यावर सरदारांना सांगितलं, कापून काढा यांना. हजारो मेले. आत्मा कृपेखाली, पाठ मात्र सरदाराच्या चाबकाखाली. असलं स्वातंत्र्य आपल्या बापजाद्यांनी कीर्तनात खूप ऐकलंय. देवापुढं सारखे, पाणवठ्यावर वेगळे.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच, ‘जातिसंहारा’त, नियम आणि तत्त्व यांतला फरक उलगडून ठेवलाय. नियम हुकूम सोडतो, तत्त्व विचार करायला लावतं. हिंदू धर्म हा नुसत्या नियमांचा ढीग आहे, म्हणाले. म्हणून नियमशास्त्राबाहेर पडण्याला माझा विरोध नाही. पडाच. पण बाहेर पडून कुठल्या पंगतीला बसलात, ते सांगा.

दोस्त गप्प होता. मग त्याचंच दुखणं निघालं. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश : अनुसूचित जाती म्हणजे हिंदू. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. गाव त्याला आज्याच्याच जातीनं ओळखतं, दाखल्यावर ती जात नाही. आणि तामिळनाडूत काही चर्चवाल्यांनी दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानंसुद्धा वेगळी ठेवली. मेल्यावरही कृपा कुंपणापलीकडंच.

मी म्हटलं, दाखल्याच्या मोर्चाला मी येतो, निळा झेंडा घेऊन येतो. तू रविवारी पाळकाला अंत्युखियाचं विचार. कोण कुणाच्या घरी जेवतो, कोण कुणाला पोरगी देतो, कोण कुठं पुरला जातो.

‘विचारतो,’ म्हणाला, आणि माझ्या डब्यातली उरलेली भाकर उचलली. तेवढ्यात भोंगा झाला.