थोरल्या जाऊबाईंबरोबर सिसिलीत

मागे एकदा याच पानात मी सहज लिहून गेले होते, की यंदा लोणच्याच्या कैऱ्या आणायला मला उशीर झाला, कारण मे महिन्याचे दहा दिवस मी सिसिलीत होते. त्यावर पत्रं आली ती लोणच्याबद्दल नाहीत, सिसिलीबद्दल! सांगलीच्या एका भगिनीनं तर सरळच विचारलंय, "आमचे हे प्रवासाला येत नाहीत. टूरबरोबर जायचं तर आठ दिवसांत पाच देश, ते माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. एका ठिकाणी बिऱ्हाड करून निवांत हिंडता येतं का? आणि सोबतीला न्यावं तरी कुणाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा अवघड. कारण मी गेले ती माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर, आणि आम्ही दोघी नऊ वर्षं एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो.

झालं होतं असं, की सासूबाई गेल्या, वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली आणि सामानाच्या वाटण्या झाल्या. सोन्याचांदीवरून एक शब्द झाला नाही हो! भांडण झालं ते पाट्या-वरवंट्यावरून. सासूबाईंच्या हातचा तो काळाभोर, गुळगुळीत पाटा दोघींनाही हवा होता. शेवटी घरातल्या एका शहाण्या माणसानं (नाव घेत नाही, ते समोरच वर्तमानपत्र वाचत बसलेत) तोडगा काढला. पाटा थोरलीकडे, वरवंटा धाकटीकडे. आता सांगा, नुसता वरवंटा घेऊन मी काय करायचं? आणि त्यांनी तरी नुसता पाटा घेऊन? पण दोघींनीही हट्टानं ठेवून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी भावजी गेले. वहिनींनी घराबाहेर पडणंच सोडलं. त्यांची लेक जर्मनीत असते. तिनं आईसाठी सिसिलीचं ठरवलं आणि मला फोन केला, "काकू, आई एकटी जाणार नाही. तूच जा ना बरोबर." नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

इटलीचा बूट नकाशावर पाहिला असेलच. त्याच्या टोकापुढे उडवलेल्या चेंडूसारखं बेट दिसतं ते सिसिली. भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट, साधारण पंचवीस हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्शाएवढं. ते सगळं दहा दिवसांत बघायच्या फंदात आम्ही पडलो नाही. आग्नेय कोपरा तेवढा धरला. कातानियाच्या विमानतळावर उतरलो, एटना ज्वालामुखीला लांबूनच नमस्कार केला आणि बसनं सव्वा तासात सिराक्यूजला पोचलो. तिथं ओर्तीजिया नावाच्या जुन्या भागात तळमजल्यावरची एक खोली, बरोबर इवलंसं स्वयंपाकघर. दहाही दिवस बिऱ्हाड तेच. सांगलीच्या ताई, हे पक्कं लक्षात ठेवा. रोज पेट्या बांधायच्या नसल्या, की निम्मा शीण तिथंच वाचतो.

ओर्तीजिया म्हणजे मुळात एक छोटं बेटच, पुलांनी गावाला जोडलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत अर्ध्या तासात होतं. ग्रीक लोकांनी ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात इथं वसाहत केली. शाळेत शिकलेला आर्किमिडीज इथलाच. इसवी सनापूर्वी 212 मध्ये रोमनांनी शहर घेतलं तेव्हा तो मारला गेला. पण मला सगळ्यात आवडलं ते इथलं मोठं चर्च. बाहेरून नक्षीदार, अठराव्या शतकातलं. आत गेलात की भिंतीतून हे जाडजूड खांब डोकावताना दिसतात. ते आहेत अथीना देवीच्या देवळाचे, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले! देऊळ पाडलं नाही, खांबांच्या मधल्या जागा भिंती घालून बुजवल्या आणि चर्च केलं. अरबांच्या काळात तिथं मशीद होती म्हणतात. जुन्या जरीच्या लुगड्याचं परकर-पोलकं शिवावं आणि काठ तसेच ठेवावेत, तसला प्रकार. वहिनींनी खांबावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. बोलल्या मात्र काही नाहीत. पहिले तीन दिवस आमचं बोलणं "चहा टाकू?" आणि "किल्ली तुमच्याकडे ना?" एवढंच.

जवळच समुद्राला लागून आरेथूझाचं कुंड आहे. खाऱ्या पाण्यापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचा झरा, आणि त्यात पपायरसची हिरवी झुडपं. ज्याचा पूर्वी इजिप्तमध्ये कागद करत ते हे पपायरस. सकाळी बाजार भरतो. वांगी, लिंबं, बदाम, सुकवलेले टोमॅटो, ताजे मासे, आणि विकणाऱ्यांचा आरडाओरडा अगदी आपल्या मंडईतला. दुपारी एक ते चार मात्र बहुतेक दुकानं बंद. पुणेकरणींना याचं काय नवल!

सिराक्यूजची ग्रामदेवता म्हणा हवं तर, ती संत लुचीया. 13 डिसेंबरला तिचा उत्सव असतो. दुष्काळात तिच्या कृपेनं गव्हाचं गलबत बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न पाहता गहू तसेच शिजवून खाल्ले, अशी कथा आहे. म्हणून त्या दिवशी घरोघर अख्खे गहू शिजवून त्यात गोड चक्का-पनीरासारखं रिकोता घालतात. घरमालकीणबाईंनी हातवारे करकरून हे सांगितलं आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपली गव्हाची खीर!" चार दिवसांतलं ते पहिलं मोठं वाक्य.

आता ही गावं अशी नटवी का दिसतात ते सांगते. 11 जानेवारी 1693 ला इथं भयंकर भूकंप झाला. साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. कितीतरी गावं भुईसपाट झाली. मग सगळं एकाच सुमाराला, एकाच धर्तीनं, मधाच्या रंगाच्या दगडात पुन्हा बांधलं. नोतो गावानं तर जागाच बदलली. जुनी टेकडी सोडून आठेक किलोमीटरवर नवं गाव आखलं. आम्ही गेलो तेव्हा तिथला फुलांचा उत्सव होता. 1980 पासून दर मे महिन्यात एक अख्खी चढणीची गल्ली फुलांच्या पाकळ्यांच्या चित्रांनी भरतात. शनिवारी दुपारी कलाकार गुडघ्यांवर बसून पाकळ्या पसरत होते. वहिनींचा संस्कारभारती रांगोळीतला हात तुम्हाला माहीत नाही! त्या वाकून वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रंग छान भरलेत, पण रेघ जाड आली." वर्षभरात त्यांनी कशावर मत दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

नोतोच्या चर्चची एक गोष्ट आपल्याकडच्या सोसायट्यांनी ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकात डागडुजी करताना जुन्या छपराच्या जागी जड काँक्रीट घातलं. 1990 च्या भूकंपानं बांधकाम खिळखिळं झालं आणि 1996 मध्ये घुमट कोसळला. पुन्हा उभारून 2007 मध्ये उघडलं. जुन्या भिंतीवर नवा बोजा टाकायच्या आधी विचारावं कुणालातरी.

पुढचं गाव मोदिका. इथलं चॉकलेट प्रसिद्ध आहे, 2018 मध्ये त्याला युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यात दूध नाही, लोणी नाही. कोकोचा गोळा अगदी मंद उबेवर ठेवून त्यात साखर मिसळतात. साखर विरघळत नाही, म्हणून दाताखाली कचकच लागते. सिसिलीवर स्पेनचं राज्य असताना ही मेक्सिकोतली रीत इकडे आली. आणि पूर्वी ते वाटायचे कशावर? एका दुकानात काचेमागे मांडून ठेवलं होतं. दगडी, जरा खोलगट, पाय असलेला पाटा. आणि त्याच्यावर त्याचाच वरवंटा.

आम्ही दोघी काचेसमोर उभ्या. मी मुकाट, त्याही मुकाट. दुकानदारीणबाईला वाटलं यांना काही घ्यायचं नाही, म्हणून तिनं बिस्किटांची बशी पुढे केली. शाकाहारी मैत्रिणींनो, इथं सावध! मोदिकात अर्धचंद्राच्या आकाराची एक बिस्किटं मिळतात, आपल्या करंजीसारखी, त्यांच्या सारणात चॉकलेटबरोबर चक्क गोमांस असतं. 'म्पानातीग्गी' असं काहीसं नाव. विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. बाकी शाकाहाराची आबाळ होत नाही. आंबटगोड वांग्याची कापोनाता, वांगी-टोमॅटोचा 'नॉर्मा' पास्ता, रगूझाकडची टोमॅटो-चीज भरून घड्या घातलेली पोळी, हे सगळं आमच्या पोटात आनंदानं गेलं.

रगूझा! त्या गावाचं तर काय सांगू. भूकंपानंतर तिथल्या लोकांत फूट पडली. उमरावांची मंडळी म्हणाली, आम्ही जुन्या जागेवरच बांधणार. दुसरे म्हणाले, आम्ही वरच्या टेकडीवर नवं गाव वसवणार. दोन्हीकडे आपापलं मोठं चर्च, यांचे संत जॉर्ज, त्यांचे संत जॉन. 1865 मध्ये तर कायद्यानंच दोन वेगळी गावं झाली, वरचं रगूझा आणि खालचं ईब्ला. ती पुन्हा एक झाली 1926 मध्ये. मधे दरी आणि दोनशेंहून जास्त पायऱ्या.

वरून ईब्ला दिसतं ते अगदी दिवाळीच्या किल्ल्यासारखं, घरांवर घरं रचलेली. पायऱ्या उतरता उतरता अर्ध्यावर माझा गुडघा बोलायला लागला, म्हणून बसलो. वहिनींनी पिशवीतून खाकरा काढला. मी आपली वेळ भरून काढायला दोन गावांची ही हकिगत सांगितली. त्या ऐकत होत्या, बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हणजे एकसष्ट वर्षं," त्या म्हणाल्या. "आपली नऊच झाली."

मी काय बोलणार?

"आणि काय गं, त्यांच्यात पाटा कुणाकडे होता?"

मैत्रिणींनो, आम्ही त्या पायरीवर बसून इतक्या हसलो, की वर येणारी एक बाई घाबरून थांबली.

परत चढायला मात्र आम्ही गावातली बस घेतली, तुम्हीही तेच करा. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात आधी घेऊन ठेवायचं. रविवारी बसेस फार कमी, तो दिवस बिऱ्हाडाजवळच काढावा. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की दर वाढतो. पायांत रबरी तळाचे बूट हवेत, कारण शतकानुशतकांच्या चालण्यानं तिथली फरसबंदी काचेसारखी झाली आहे. साडी घोट्याच्या वर नेसा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चुकूनही जाऊ नका. सिराक्यूजजवळ 11 ऑगस्ट 2021 ला 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातलं ते सर्वांत जास्त!

समुद्रकिनाऱ्यासाठी एक दिवस आम्ही टॅक्सी ठरवली. बराच खर्च झाला, पण बसनं ते जमलं नसतं. वाटेत वेंदीकारीचं अभयारण्य, जुनी मिठागरं, आणि त्यात आपल्या शिवडीच्या खाडीसारखे रोहित पक्षी. पुढे मार्त्सामेमी हे कोळ्यांचं गाव. पूर्वी इथं मोठमोठे टूना मासे जाळ्यांत धरत. आता ते जुनं आवार, दगडी चौक आणि खुर्च्याच खुर्च्या उरल्यात. दुकानात टोमॅटोच्या दाट, जवळजवळ काळ्या गोळ्यांच्या बरण्या होत्या. ऑगस्टच्या उन्हात फळ्यांवर रस पसरून, मीठ घालून, दिवसभर हलवत बायका तो आटवतात. आपल्या आंबापोळीचीच बहीण. वहिनींनी दोन बरण्या घेतल्या. दोन का, ते मी विचारलं नाही.

मग त्या धक्क्यावर जाऊन बसल्या. भावजींना समुद्र फार आवडायचा. गुहागरला गेले की तासन्‌तास बसत. "मी नेहमी म्हणायचे, चला आता, ऊन झालं," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, तरी मी त्यांना उठवलं नाही.

तर सांगलीच्या ताई, सोबतीला कुणाला न्यावं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आपली तिथल्या बदामाच्या ग्रनीताची कृती देऊन थांबते. सिसिलीत उन्हाळ्यात सकाळी न्याहारीला हे बर्फाळ सरबत गोड पावाबरोबर खातात.

एक वाटी बदाम रात्री भिजत घाला. सकाळी सोलून, थोडं थोडं पाणी घालत अगदी बारीक वाटा. एकूण चार वाट्या पाणी घालून फडक्यातून घट्ट पिळून घ्या. त्यात पाऊण वाटी साखर विरघळवून पसरट डब्यात बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडत राहा, तीन-चार तासांत भुरभुरीत होईल. साखर कमी केलीत तर दगड होतो. तिकडे वासासाठी कडू बदाम घालतात, घरी तो प्रयोग करू नका, ते विषारी असतात. उरलेला चोथा शिऱ्यात घाला.

मिक्सरमध्ये वाटण होतं, पण हवं तसं मऊ येत नाही. मागच्या गुरुवारी मी बदाम भिजवले, वरवंटा पिशवीत घातला आणि रिक्षानं वहिनींकडे गेले. पाटा त्यांनी धुऊन ओट्यावर काढून ठेवला होता.