नियम बदलतो, भाकरी घटते

भविष्य निर्वाह निधीच्या नियमात एक शब्द बदलला, म्हणजे वृत्तपत्रांत दोन ओळी येतात आणि लोक पान उलटतात. पण त्या एका शब्दावर कष्टकऱ्याचे म्हातारपण टांगलेले असते. डिचोलीच्या खाणींवर आयुष्य झिजविलेल्या वा पेडण्यात मोपा विमानतळावर कंत्राटी काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे नीट ध्यानी घ्यावे.

मालकाच्या वर्गणीतील 8.33 टक्के रक्कम ज्या निवृत्तिवेतन योजनेत जाते, ती 1995 ची. 1 सप्टेंबर 2014 पासून तिच्यात दुरुस्ती झाली. वेतनमर्यादा 6500 वरून 15000 रुपये झाली, ही जमेची बाजू. परंतु त्याच हाताने निवृत्तिवेतनाचा आधार शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी पगाराऐवजी 60 महिन्यांची सरासरी केला गेला. याचा अर्थ काय? त्यानंतर रुजू झालेल्या एखाद्याचा पगार अखेरच्या पाच वर्षांत दहा हजारांवरून दरसाल हजाराने चढत चौदा हजार झाला, असे समजू. सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागावयाचे. 14 वर्षांच्या सेवेला जुन्या रीतीने 2800 रुपये मिळाले असते. नव्या रीतीने 2400. दरमहा चारशे रुपये, तेही आमरण! 2012 व 2018 साली ज्यांच्या खाणी बंद पडल्या, त्यांना चारशे रुपयांची किंमत कोणी सांगावयास नको.

4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सरासरी वैध ठरविली, 1.16 टक्के जादा वर्गणीचा कामगारावरील बोजा मात्र अवैध ठरविला. निकाल शिरोधार्य आहे. आमचा प्रश्न न्यायाचा नसून रीतीचा आहे. ज्या आस्थापना स्वतःचा निधी चालवीत, त्यांना 1952 च्या योजनेने अट घातली होती: आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून नियम बदलता कामा नये, आणि बदल कामगारांच्या अहिताचा असेल तर आधी त्यांचे म्हणणे ऐकावे. मालकाला घातलेले हे बंधन सरकारने स्वतः का पाळू नये? केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात हे खरे. पण पेडण्याच्या कामगाराला बदल कळतो तो राजपत्रात छापून झाल्यावर, आणि तोही परक्या भाषेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक दुरुस्तीचा मसुदा मराठीत व कोकणीत, हिशेबाच्या उदाहरणासह, कारखान्याच्या दारावर आधी लागला पाहिजे. आणि कामगारांनो, तो वाचल्यावाचून अंगठा वा सही देऊ नका. घामाचा पैसा आपला आहे. त्याचा हिशेब विचारण्यात संकोच कसला?