न झालेल्या प्रवासाचीही नोंद ठेवा

दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेली एक मुलगी अकरावीला कला शाखेत, माझ्या भूगोलाच्या वर्गात येऊन बसली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. आमची शेवटची गाडी साडेचारची."

घरच्यांनी अडवलं नव्हतं. वडील शीक म्हणत होते. एसटीचा पास मोफत होता आणि गावाचा रस्ता दोन वर्षांपूर्वीच डांबरी झालेला. फक्त अर्धा तास जुळत नव्हता. साडेचारची गाडी चुकली तर फाट्यावर उतरून गावापर्यंत दोन किलोमीटर चालायचं, तेही हिवाळ्यात सहालाच अंधारतं तेव्हा. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की त्यात मुलीला बसवायला आई तयार नव्हती. तिने स्वतःशीच हिशेब केला आणि विज्ञान सोडलं. कुठल्याही कागदावर याची नोंद नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरातल्या माणसांनी जे प्रवास केले नाहीत, त्यांची नोंद तुम्ही ठेवा. ती दुसरं कोणी ठेवत नाही.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड नावाचे भूगोलाचे प्राध्यापक होते. १९६९ साली कोपनहेगनच्या एका परिषदेत त्यांनी आपल्याच क्षेत्रातल्या मंडळींना विचारलं, की तुमच्या एवढ्या आकडेमोडीत माणूस कुठे आहे? ते भाषण १९७० मध्ये छापून आलं आणि वाहतुकीचा अभ्यास करणारे ते आजही वाचतात. त्यांची रीत कोणालाही समजेल अशी आहे. कागदावर खाली गावाचा नकाशा काढायचा आणि त्यावर उभी वेळ मोजायची. माणूस एका जागी थांबला की त्याची रेघ सरळ वर जाते, चालू लागला की तिरकी होते. वाहन जितकं वेगवान, तितकी रेघ जास्त आडवी पडते. अशी सकाळपासून रात्रीपर्यंतची एक रेघ म्हणजे एका माणसाचा दिवस.

ही रेघ हवी तिकडे नेता येत नाही. हेगरस्ट्रांड यांनी तिच्यावरची तीन बंधनं सांगितली. पहिलं शरीराचं. झोप लागते, भूक लागते आणि पायी जाऊन जाऊन किती जाणार? दुसरं जुळणीचं. शिक्षक, डॉक्टर, गाडीचा चालक हे सगळे ज्या वेळी ज्या जागी असतील, तेव्हा आपणही तिथे हवं. तिसरं अधिकाराचं. बँकेची खिडकी बंद होते, शाळेचं फाटक लागतं, ते आपल्या हातात नसतं. त्या मुलीने विज्ञान घेतलं असतं, तर तिचा दिवस कसा गेला असता, ते मी फळ्यावर असंच काढलं. सकाळी सहा वीसची मुक्कामी गाडी, साडेसातला तास, दुपारी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलची रेघ पाचपर्यंत वर जात होती आणि गाडीची रेघ साडेचारलाच स्टँड सोडून गेली होती. वर्ग गप्प झाला. निम्म्या मुलींचा दिवस तसाच गेला असता.

हेगरस्ट्रांड यांचे सहकारी बो लेनटोर्प यांनी पुढे १९७० च्या दशकात संगणकाच्या मदतीने एक वेगळीच मोजणी केली. किती लोक बसने जातात हे त्यांनी मोजलं नाही. दिवसभरात ठरलेली कामं करायची असतील, तर या बसच्या वेळांत ती किती तऱ्हांनी पार पडू शकतात, हे त्यांनी मोजलं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मोजतात ते झालेले प्रवास.

आगारात फेरी सुरू ठेवायची की नाही हे पाहताना भारमान बघतात. गाडीत आसनं किती आणि त्यांतली भरली किती, हे तिकिटांवरून निघतं. जो गाडीत चढलाच नाही त्याचं तिकीट कुठून फाटणार? साडेचारची गाडी मुलींच्या सोयीची नाही, म्हणून ती निम्मी रिकामी जाते. रिकामी जाते म्हणून भारमान नाही, आणि भारमान नाही म्हणून एक दिवस तीही बंद होते. गाव म्हणतं गाडी नाही, आगार म्हणतं प्रवासी नाहीत. दोघंही खरंच बोलत असतात.

सरकारी मोजणीतही हेच होतं. कामावर जायला किती अंतर आणि कशाने जाता, हा प्रश्न भारताच्या २०११ च्या जनगणनेत विचारला गेला. तोही शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपुरता. कॉलेजला जाणारी मुलगी, नातवाला दवाखान्यात नेणारी आजी, आठवडी बाजाराला भाजीचं गाठोडं घेऊन निघालेली बाई यांचा प्रवास त्यात आलाच नाही. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ती चांगलीच गोष्ट झाली आणि तिचा फायदा मी रोज गाडीत बघते. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते.

आता काय करायचं ते सांगते. एक साधी वही घ्या. आठ दिवस घरातल्या प्रत्येकाचा प्रवास लिहा. घरून कधी निघालो, फाट्यापर्यंत किती चाललो, किती वेळ उभं राहिलो, कशाने गेलो, कधी पोचलो, परत कधी आलो. त्याखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे लिहा, आज काय करायचं होतं आणि गाडीपायी राहून गेलं. ही ओळ घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारूनच भरा. पुरुषांनी परस्पर भरू नये. मोटरसायकलवर फिरणाऱ्याला यातलं निम्मं दिसतच नाही.

आम्ही हे केलं. एकाच रस्त्यावरच्या चार गावांतल्या नऊ मुलींनी आठ दिवस वह्या लिहिल्या. एकीच्या आईने स्वतःची ओळ सांगितली, की रक्तदाबाची गोळी संपून बारा दिवस झाले, कारण दवाखान्याच्या वेळेत जाऊन त्याच दिवशी परतता येत नाही. वह्या घेऊन आधी आम्ही आमच्याच कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. प्रॅक्टिकलच्या तुकड्या हजेरीपटाच्या क्रमाने पाडल्या जात होत्या. गाडी कोणाची कधी, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात लांबच्या मुलींची तुकडी सकाळी घेतली. त्याला एक रुपयाही लागला नाही. मग चारही ग्रामपंचायतींचे ठराव, पासधारकांची यादी आणि तासांचं वेळापत्रक जोडून आगारात अर्ज दिला. आम्ही नवी गाडी मागितली नाही, आहे तीच पन्नास मिनिटं उशिरा सोडा म्हणालो. चार महिने आणि तीन खेपा लागल्या. आता ती गाडी पाच वीसला सुटते. माझ्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग झाला नाही, ती तेव्हा बारावीची परीक्षा देऊन गेली होती. तिची धाकटी बहीण मात्र विज्ञानात आहे.

शहरातल्या वाचकांनी हे फक्त खेड्याचं समजू नये. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना एकदा विचारा, त्या किती गाड्या बदलून येतात आणि दुपारी मुलाला शाळेतून कोण आणतं. कामाची वेळ अर्धा तास पुढेमागे करणं तुमच्या हातात आहे, तेवढं तरी करा.

मुख्याध्यापकांना, दवाखान्याच्या डॉक्टरांना, बँकेच्या शाखेला माझी हात जोडून विनंती आहे. वेळापत्रक ठरवताना स्टँडवरचा फलक एकदा वाचून या. आणि गावकऱ्यांनो, १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा येईल, तेव्हा "आमच्याकडे गाडीची सोय नाही" असं मोघम बोलू नका. कोणत्या गाडीला, किती माणसं, कोणत्या कामासाठी, किती मिनिटांनी मुकतात, हे वहीतून वाचून दाखवा आणि ठरावात लिहून घ्या.