प्लास्टर नसलेली दुखापत

या सदरात मी एरवी फोन, पासवर्ड आणि ऑनलाइन फसवणूक याबद्दल लिहितो. या वेळी डोक्याबद्दल लिहितोय, कारण गेले चार महिने आमच्या घरात तोच विषय आहे.

माझा भाचा चौदा वर्षांचा. ऑगस्टच्या शेवटी सरावाच्या मॅचमध्ये एक उंच उडालेला कॅच घ्यायला तो आणि आणखी एक मुलगा धावले. "माझा" असं कोणीच ओरडलं नाही, आणि त्या मुलाचं कोपर याच्या कानशिलावर बसलं. पडला, लगेच उठला. रक्त नाही, टेंगूळही नाही. मी मैदानावरच होतो. "चक्कर येतेय का रे?" "नाही मामा." मी पाठीवर थाप मारली आणि त्याला परत फिल्डिंगला पाठवलं. संध्याकाळी घरी त्याने दोनदा विचारलं की मॅच कोण जिंकलं. आम्ही हसलो. रात्री उलटी झाली तेव्हा हसू थांबलं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आजीने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र म्हणाले, हे कन्कशन आहे. डोक्याला हादरा बसला की मेंदूचं काम काही काळ विस्कटतं, पण स्कॅनमध्ये दिसतो तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर, हे विस्कटणं नाही. बहुतेक मुलं बेशुद्धही पडत नाहीत, म्हणून माझ्यासारखे शहाणे फसतात. बरं होण्याआधी पुन्हा डोक्याला लागलं असतं तर काय होऊ शकलं असतं, हे त्यांनी सांगितल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. (उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच जाते, झटका येतो किंवा मूल जागं करूनही नीट जागं होत नाही, असं काही दिसलं तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.)

डोकेदुखीची आमची तयारी होती. बाकीच्याची नव्हती. फळ्यावरचं वाचताना त्याचे डोळे दुखत. दोन तासिका झाल्या की डोकं जड. गणितात चांगला असलेला मुलगा एकच ओळ तीनदा वाचायचा. चिडचिड इतकी की ताईवर वाटी फेकली, आणि नंतर स्वतःच रडत बसला. हात मोडला असता तर प्लास्टरवर साऱ्या वर्गाने सह्या केल्या असत्या. इथे दिसायला काहीच नाही, त्यामुळे शाळेत "बहाणे करतो" आणि घरात आजोबांचं "आमच्या वेळी..."

आमच्या आजोबांचं "आमच्या वेळी" म्हणजे अंशुमान गायकवाड. १९७६, जमैका, मायकल होल्डिंग, डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर चेंडू झेलत ८१ धावा. बडोद्याच्या मराठी घरांत ही गोष्ट रामायणासारखी सांगतात, आणि मलाही ती आवडते. पण कानावर चेंडू बसून गायकवाड मैदानातून थेट हॉस्पिटलात गेले, कानाच्या पडद्याला इजा झाली, हा शेवट आजोबा नेहमी घाईत उरकतात. लहानपणापासून "लागलं तरी खेळला" एवढंच ऐकलेला मुलगा मामाला "चक्कर येतेय" कशाला सांगेल?

सर्वांत कठीण गेली ती नवरात्र. पाच आठवडे उलटले होते. इतरांच्या लेखी तो बरा झालेला. मित्र केडियू घालून बोलवायला आले. हा गेला, आणि लाऊडस्पीकर आणि लाइटमुळे वीस मिनिटांत कान दाबून परत आला. त्यानंतर मित्रांनी विचारणंच सोडलं. वाईट हेतूने नाही, पोरं ती. पण टीमच्या ग्रुपवर आपल्याशिवाय मॅच ठरताना वाचणं हे त्याला डोकेदुखीपेक्षा जास्त दुखलं, असं तो ताईला म्हणाला. मला नाही म्हणाला.

मग मी माझ्या धंद्याला साजेसं केलं, वाचत बसलो. कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांत झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. ५ ते १८ वर्षांच्या मुलांपैकी साधारण ३० टक्के मुलांना महिन्यानंतरही त्रास होता. अशा मुलांचं जगणं मोजायला २३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे चार भाग: शरीर, मन, मित्र, शाळा. ते वाचून मला वाटलं, आम्ही रोज फक्त पहिल्या भागाचीच चौकशी करत होतो.

जुना सल्ला होता अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आता तसं सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि स्क्रीन कमी, मग चालणं, हलका व्यायाम, आणि खेळाआधी शाळा. खेळाकडे पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास वाढला तर थांबून मागे यायचं. ताई मुख्याध्यापिकाबाईंना भेटली. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मधे दहा मिनिटं शांत बसायची परवानगी, परीक्षेला जास्त वेळ. या एका कागदाने औषधांपेक्षा जास्त फरक पडला. आजोबांना मी विल पुकोव्हस्कीबद्दल सांगितलं. भारताविरुद्ध सिडनीत पहिल्याच कसोटीत ६२ धावा काढणारा हा मुलगा पुन्हा पुन्हा डोक्याला लागल्याने २०२५ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना निवृत्त झाला. आणि २०१९ पासून आयसीसीनेच अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायचा नियम केलाय. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीचा आवाज मात्र कमी झाला.

मधल्या काळात कोचसरांनी त्याला स्कोअरर केलं. आधी तोंड वाकडं केलं, पण निदान रविवारी टीमसोबत बसायला मिळालं, डबा वाटून खायला मिळाला. डिसेंबरात डॉक्टरांनी नेट्सना हो म्हटलं. मी त्याची माफी मागितली, त्या दिवशीच्या थापेबद्दल. "सोड ना मामा," म्हणाला, आणि उत्तरायणला अगाशीवर स्पीकर छोटाच लावायचा, असं वचन घेतलं.

पासवर्डवरचा राहिलेला लेख पुढच्या महिन्यात.