शत्रूचे अश्रू

ग्रीक पुराणकथा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? सिंहाला नुसत्या हातांनी मारणारा हर्क्युलीस, केसांच्या जागी साप असलेली मेडुसा, एका डोळ्याचे राक्षस, नाहीतर पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा. ज्या देशाला उर्दूत यूनान म्हणतात, त्या देशाच्या या गोष्टी फार गमतीच्या आहेत. पण ताकदीच्या आणि युक्तीच्या गोष्टी जगात सगळीकडे सापडतात. तेवढ्यासाठी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांकडे जायला नको. त्यांच्याकडे याहून दुर्मिळ असे काही आहे. त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या काव्यात आपल्याच शत्रूचे दुःख लिहून ठेवले. ग्रीक कथा आजही वाचाव्यात, असे मला वाटते ते यामुळे.

हे काव्य म्हणजे 'इलियड'. ते होमर या कवीचे मानले जाते. ते इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले असावे. त्यात २४ सर्ग आणि १५,००० हून अधिक ओळी आहेत. ग्रीक राजे समुद्र ओलांडून ट्रॉय नगरीवर चालून गेले आणि दहा वर्षे तिला वेढा घालून बसले, अशी ही कथा. ट्रॉयची जागा आजच्या तुर्कस्तानात हिसारलिक येथे दाखवतात. 'हिसार' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच. हाइनरिश श्लीमान या जर्मन गृहस्थाने तेथे १८७० नंतर मोठे उत्खनन केले. त्याच्या घाईमुळे काही जुन्या भिंती कायमच्या नष्ट झाल्या, हेही खरे.

दहा वर्षांच्या युद्धातले सुमारे पन्नास दिवसच होमरने निवडले आहेत. तुमचा तो लाकडी घोडा 'इलियड'मध्ये येतच नाही! ट्रॉय जिंकल्याचा प्रसंगही येत नाही. मग आहे काय? अकिलीस नावाच्या ग्रीक वीराचा राग आहे, आणि त्या रागाने काय काय जाळले, ते आहे.

त्याच्यासमोर उभा आहे ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर. म्हणजे शत्रू. पण होमर आपल्याला त्याच्या घरी नेतो. युद्धावर जाण्यापूर्वी हेक्टर पत्नीला भेटतो. तिचे नाव अँड्रोमाकी. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसनेच मारलेले आहेत. आता हेक्टरशिवाय तिला कोणी नाही. हेक्टर आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर मूल घाबरून रडू लागते. त्याला बापाच्या शिरस्त्राणाची आणि त्यावर डुलणाऱ्या तुऱ्याची भीती वाटते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मुलाचा मुका घेतो. ग्रीक श्रोते हा प्रसंग ऐकत, तेव्हा हा शत्रूच्या बाजूचा माणूस आहे हे त्यांच्या लक्षात राहत असेल का? मला शंकाच आहे.

पुढे हेक्टर रणांगणात अकिलीसच्या जिवलग मित्राला, पेट्रोक्लसला मारतो. मग अकिलीस हेक्टरला मारतो. एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. तो हेक्टरचे प्रेत रथाला बांधतो आणि धुळीतून फरपटत नेतो. तटावर उभे असलेले म्हातारे आईबाप हे पाहत असतात. त्यानंतर कित्येक दिवस तो हेच करत राहतो. सुडाने मन शांत होत नाही, हे होमर उपदेश न करता दाखवतो.

आणि मग ती रात्र येते. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम, मुलाचे प्रेत सोडवायला निघतो. बरोबर एक म्हातारा सेवक आणि खेचरांच्या गाडीत भरलेली भरपाई, एवढेच. देवदूत हर्मीस त्याला गुपचूप शत्रूच्या छावणीत पोहोचवतो. प्रायम अकिलीसच्या तंबूत शिरतो, त्याचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचे चुंबन घेतो. याच हातांनी त्याची मुले मारली आहेत. तो अकिलीसला म्हणतो, तुझ्या वडिलांची आठवण कर, तेही माझ्यासारखेच म्हातारे आहेत. अकिलीसला ठाऊक असते की आपण इथेच मरणार आणि आपले वडील असेच एकटे पडणार. मग दोघेही रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा वडिलांसाठी आणि मित्रासाठी.

यानंतरच्या बारीकसारीक गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. अकिलीस दासींना सांगतो, प्रेताला आत नेऊन स्नान घाला. म्हाताऱ्याला दिसू देऊ नका. तो मुलाला पाहून संतापला, तर माझाही राग उसळेल आणि माझ्या हातून त्याचा जीव जाईल. आपला राग मेलेला नाही, हे त्याला कळते. म्हणून तो आधीच सावध होतो. मग तो प्रायमला जेवू घालतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? प्रायम म्हणतो, अकरा. लढावेच लागले तर बाराव्या दिवशी लढू. अकिलीस तेवढे दिवस युद्ध थांबवण्याचा शब्द देतो. काव्य संपते ते हेक्टरच्या अंत्यविधीवर, विजयाच्या जल्लोषावर नव्हे.

या काव्यातल्या देवांविषयी एक सांगायला हवे. ग्रीकांच्या त्या देवांची जुनी मंदिरे ओस पडून शतके लोटली. कथेत मात्र ते आपापल्या आवडत्या बाजूने भांडतात, रुसतात. ॲरिस हा प्रत्यक्ष युद्धाचा देव. पण भाला लागताच तो ओरडत झ्यूसकडे तक्रार घेऊन जातो. त्याची जखम लगेच भरूनही येते. माणसांच्या जखमा तशा भरत नाहीत. देवांना मरण नाही, म्हणून त्यांना गमावण्यासारखेही फारसे काही नाही. मला तर त्या देवांपेक्षा प्रायम मोठा वाटतो.

तुम्ही विचाराल, असे काव्य ऐकणारे ग्रीक स्वतः तरी दयाळू झाले का? प्रश्न रास्त आहे. शिकंदराचेच पाहा. तो 'इलियड'ची प्रत उशाशी ठेवून झोपे, असे प्लूटार्क सांगतो. अकिलीस हा त्याचा आदर्श होता. पण गाझा शहर जिंकल्यावर त्याने तेथील सेनापतीला रथामागे बांधून फरपटत नेले, अशी हकीकत रोमन लेखक कर्टियस याने दिली आहे. ती खरी असेल, तर शिकंदराने पुस्तक वाचले, पण शेवटच्या सर्गापर्यंत तो मनाने पोहोचलाच नाही.

अथेन्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी सैन्याने ते शहर जाळले. त्याच वर्षी सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार हरले. आठच वर्षांनी एस्किलस या नाटककाराने त्या युद्धावर नाटक लिहिले. हा माणूस स्वतः इराण्यांशी लढला होता. त्याचा भाऊ मॅरॅथॉनच्या लढाईत मारला गेला होता. तरी नाटक घडते इराणच्या राजवाड्यात, आणि रडतात त्या इराणी माता व म्हातारे. नाटकात अथेन्सचा अभिमानही आहे. तो लपवलेला नाही. पण ज्यांची घरे जळली होती, ते प्रेक्षक शत्रूचा विलाप ऐकत बसले, आणि त्या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले.

पुढे इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये याच अथेन्सने मेलॉस हे छोटे बेट जिंकले. तेथील पुरुषांना ठार मारले, बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. लगेच दुसऱ्या वर्षी, ४१५ मध्ये, युरिपिडीसने 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात ग्रीक सैनिक हेक्टरच्या त्या लहान मुलाला तटावरून खाली फेकतात. शिरस्त्राणाला घाबरून रडले होते, तेच मूल. बापाच्या ढालीवर त्याचे प्रेत आणले जाते. मेलॉसचे नाव नाटकात नाही. पण प्रेक्षकांपैकी कित्येकांना ते आठवले असणार. आपल्याच शहराला त्याच्या तोंडावर असे दाखवायला हेक्टरपेक्षा कमी धैर्य लागले नसेल.

१९०४ साली सुलेमान अल्-बुस्तानी यांनी 'इलियड'चा अरबी पद्यात केलेला अनुवाद कैरोत छापला गेला. इंग्रजीत तर त्याचे कितीतरी अनुवाद आहेत. तुमच्या हाती यातले एखादे पुस्तक आले, तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. जहाजांच्या लांबलचक याद्यांत अडकून पडाल. आधी सहावा सर्ग वाचा, मग एकदम चोविसावा. मधल्या लढाया नंतर सवडीने वाचता येतील.